करंजाड्यातली बंद लाइन

भुताखेतांचं मला कधीच काही वाटलं नाही. मी नवी मुंबईतल्या घणसोली गावातला, आगरी घरातला. आमच्याकडे खाडीच्या बांधावरच्या गोष्टी जेवताना सांगतात, आणि त्या ऐकून सगळ्यात आधी हसणारा मीच. त्यात माझं काम इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचं. फोन लागत नसेल तर सेटिंग चुकलेलं असतं, नाहीतर वायर उंदराने कुरतडलेली असते. तिसरं काही नसतं... निदान तोपर्यंत नव्हतं.

पनवेलजवळच्या करंजाड्यात एक खाजगी वृद्धाश्रम आहे, नाव देत नाही. तळमजल्यावर जेवणाचा हॉल, आणि हॉलच्या भिंतीवर राहणाऱ्यांसाठी एक फोन. तो फोन बाजूच्या ऑफिसमधल्या एका छोट्या डब्याला जोडलेला आहे, त्याला गेटवे म्हणतात. कुठला नंबर फिरवल्यावर कॉल कुठे जायचा, याचे नियम त्या डब्यात लिहावे लागतात. ते मी लिहितो.

तिथल्या मॅनेजर शिंदे मॅडमनी एक दिवस बोलावून घेतलं. आईवडील सारखे फोन करतात, मीटिंगमध्ये त्रास होतो, अशी मुलांची तक्रार होती. काही नंबर बाहेर सोडायचे नाहीत, पण कॉल सरळ कापायचाही नाही, असं त्यांचं म्हणणं. "सर्व लाइन्स व्यस्त आहेत, थोड्या वेळाने प्रयत्न करा" असं रेकॉर्डिंग लावायचं. व्यस्त म्हटलं की म्हाताऱ्यांना वाईट वाटत नाही, म्हणाल्या.

बहुतेकांसाठी हे ऑफिसच्या वेळेपुरतंच होतं. सुमनमावशींच्या मुलाने मात्र सांगितलं होतं, आईचा कॉल कधीच नको. मावशी परभणीकडच्या, अंगणवाडीत शिकवून रिटायर झालेल्या. मुलगा नितीन, बायको आणि छोटी मुलगी घेऊन आमच्याच घणसोलीतल्या टॉवरमध्ये राहायचा. म्हणजे गाडीने निघालं तर फार लांबही नाही.

मी नियम लिहिला, टेस्ट केला, निघालो.

काही आठवड्यांनी मॅडमचा फोन — तुमचा नियम चालत नाही, मावशी रोज मुलाशी बोलतात. मी दुपारी गेलो. हॉलमध्येच लॅपटॉप उघडून बसलो. जेवण झाल्यावर मावशी आल्या, नंबर फिरवला. स्क्रीनवर स्पष्ट दिसत होतं, कॉल नियमाला लागला, रेकॉर्डिंगकडे वळला, डब्याबाहेर गेलाच नाही. आणि मावशी रिसीव्हर कानाला लावून निवांत ऐकत होत्या. मधेच हसल्या.

मी जाऊन रिसीव्हर मागितला. कानाला लावला, तर रेकॉर्डिंग. व्यस्त आहेत, व्यस्त आहेत...

"काय ऐकता मावशी?"

"तो माझ्याशी नाही बोलत लेकरा. तिकडं घरात बोलतेत, मी ऐकते. आज पोरीला ताप आलाय. शाळेत नाही गेली."

मॅडमनी डोक्याजवळ बोट फिरवून मला खूण केली. म्हातारपण. मलाही पटलं. पण पार्किंगमध्ये आल्यावर राहवलं नाही. सेटिंग कन्फर्म करायचंय असं सांगून नितीनला फोन लावला. तो घाईत होता. म्हणाला, नंतर करा, मुलीला ताप आहे, शाळेतून सुट्टी घेतलीय.

मी बाइकला किल्ली लावून तसाच बसून राहिलो...

पुढे प्रकार वाढला. तुम्हाला कसा लागतो हो फोन, असं विचारत बाकीचे मावशींच्या मागे रांग लावायला लागले. त्यांना अर्थातच रेकॉर्डिंग मिळायचं. भांडणं होऊ लागली. मॅडम वैतागल्या, म्हणाल्या, हा फोन कायमचा बंदच करा.

मी गेलो. रेकॉर्डिंग काढून टाकलं. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून डब्यातून इंटरनेटची केबलही उपटून हातात धरली. ऑफिसच्या काचेतून हॉल दिसतो. मावशींनी नंबर फिरवला आणि ऐकू लागल्या. डब्याला बाहेरचं काहीही जोडलेलं नव्हतं. शपथेवर सांगतो, काहीही.

या वेळी त्या हसल्या नाहीत. बराच वेळ ऐकलं, मग रिसीव्हर हळूच ठेवला. मी बाहेर गेलो तेव्हा त्या पदराने रिसीव्हर पुसत होत्या.

"तो बायकोला म्हणतो," त्या म्हणाल्या, "मागच्या आजारपणात गेली असती तर सगळेच सुटलो असतो. मीच येडा, आयसीयूत ठेवली."

 तुम्हाला भास झाला असेल, असं काहीतरी बोललो. त्यांनी माझ्या हातातल्या केबलकडे पाहिलं आणि वर निघून गेल्या. पुन्हा त्यांनी फोनला हात लावला नाही.

पावसाळा संपता संपता त्यांना न्यूमोनिया झाला. डॉक्टर हॉस्पिटलला न्या म्हणत होते, मावशी नाही म्हणाल्या. मॅडमनी नितीनला कळवलं. तो म्हणाला, आईची इच्छा नाही तर जबरदस्ती कशाला. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतच त्या गेल्या.

सामान न्यायला नितीन आला तेव्हा मी ऑफिसमधला कॅमेरा बदलत होतो. शेवटी काही बोलली का, असं त्याने मॅडमना विचारलं. मॅडमनी कोरड्या आवाजात जसंच्या तसं सांगितलं. मावशी म्हणाल्या होत्या, आयसीयू नको, या वेळी लेकाला चुकू द्यायचं नाही.

नितीन खुर्चीत बसला. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, आईचा कॉल कधी आमच्या घरी लागला होता का? नाही म्हटलं. एकदाही नाही.

"मग तिला कोणी सांगितलं? किचनमध्ये आम्ही दोघंच होतो."

मी कॅमेऱ्याचा स्क्रू आवळत राहिलो. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "अजून काय काय ऐकलं तिने?"

माहीत नाही, म्हणालो. खरंच माहीत नव्हतं. मावशी रोज ऐकायच्या, एवढं मात्र माहीत होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. दया म्हणून नाही. सांगावंसंच वाटलं नाही.

गेटवे बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टला मी विचारलं. ते म्हणाले, लाइन क्रॉस झाली असेल. केबलच काढलेली असताना कुठली लाइन क्रॉस होणार, असं विचारलं, तर त्यांनी तक्रारच बंद केली. कोणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा.

माझी आई आमच्याजवळच असते. आतल्या खोलीत, कानाने अधू. हल्ली तिच्याबद्दल काही बोलायचं झालं तर मी आणि बायको खाली जिन्यात जाऊन बोलतो. त्याचा उपयोग होतो का, माहीत नाही.