बाईकनेही मुंबईला विचारलं

बाईक मागे सरकत होती. माझ्या पाठीवर लसींचा डबा होता, दोन्ही ब्रेक मी घट्ट दाबून धरले होते, आणि समोरच्या छोट्या स्क्रीनवर कुलपाचं चित्र आलं होतं.

ही जागा म्हणजे वरच्या वाडीच्या वाटेवरचं उभं वळण. पोलादपूरहून उमरठच्या बाजूला आलं की डांबरी रस्ता आमच्या खालच्या वाडीत संपतो. पुढे डोंगरातून नुसती दगडांची वाट. महिन्यातून एकदा लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्राची गाडी डबा माझ्या अंगणात उतरवते. तो वर पोचवायचा आणि संध्याकाळी परत आणायचा, एवढंच माझं काम. सिस्टर पहाटे चालत वर जातात आणि घरोघरी फिरून पोरं गोळा करतात. डबा मागून माझ्याबरोबर येतो.

डब्याला व्हॅक्सिन कॅरिअर म्हणतात. निळा, जाड भिंतींचा. आत चारी बाजूंना आइस पॅक, मध्ये लसींच्या बाटल्या. आइस पॅक फ्रीजरमधून काढून लगेच घालत नाहीत. थोडे बाहेर ठेवतात, मग एकेक कानाशी धरून हलवतात. आत पाणी खळखळलं की मगच डब्यात. फार कडक बर्फ असला तर काही लसी गोठतात आणि वाया जातात. सिस्टरांनी पहिल्यांदा एक पॅक माझ्या कानाला लावला होता, तो आवाज अजून आठवतो. बर्फाच्या पोटात पाणी हललं होतं.

आधी मी डबा पाठीला लावून चालत जायचे. वेळेत निघूनही कधी कधी उशीर व्हायचा. तोवर आया शेत भाजायच्या राबासाठी कवळ, म्हणजे झाडांच्या फांद्या, तोडायला रानात गेलेल्या असायच्या, पोरं आज्यांकडे. आजी म्हणणार, आई आल्याशिवाय सुई नाय. सिस्टर अर्ध्या लसी परत पाठवायच्या. शेवटी डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाई, तुमचा दोष नाही. पण डबा वेळेवर पोचत नसेल तर वाडीवरचं सत्र बंद करून खाली घ्यावं लागेल." सत्र म्हणजे लस टोचायची बैठक. ती खाली आली असती तर वरच्या बाया तान्ही पोरं घेऊन तो डोंगर उतरल्या नसत्या. मला हे माहीत होतं, साहेबांनाही माहीत होतं. मी मान खाली घालून उभी राहिले. मला बोलता येत नाही पटकन.

त्याच सुमारास माझे धाकटे दीर महेश यांनी इलेक्ट्रिक डर्ट बाईक घेतली. ते मुंबईला असतात. शिवथरच्या बाजूला पर्यटक येतात, त्यांना डोंगरात फिरवायला बाईक भाड्याने द्यायची असा त्यांचा बेत होता. डर्ट बाईक म्हणजे रस्त्यावर चालवायची नाही, रानात चालवायची. उंच, हडकुळी, काट्याकाट्यांच्या टायरची. बेत जमेपर्यंत ती आमच्या पडवीत उभी राहिली. एकदा सुट्टीला आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, डबा हिच्यावरनं न्या. शिकवतो मी."

मी नको नको म्हणत शिकले. पहिल्यांदा चालवली तेव्हा मला वाटलं ती बंदच आहे. आवाजच नाही. दगडांवरून टायर घासत जातात तेवढाच, आणि रानातले पक्षी ऐकू येतात. आणि चढ लागला की खालून कुणीतरी उचलून धरल्यासारखं वाटायचं. स्क्रीनवर डोंगराचं चित्र होतं, ते दाबलं की ताकद वाढायची. चढावर थांबलं तर बाईक जागच्या जागी धरून राहायची, ब्रेक न दाबता. महेश त्याला हिल मोड म्हणायचे. हिवाळा लागल्यापासून डबा एकदाही उशिरा पोचला नाही, आणि साहेबांनी सत्राचा विषय काढला नाही.

आणि आता त्याच डोंगराच्या चित्रावर कुलूप होतं.

मी चौथी शिकले. खालचं इंग्रजी मला वाचता आलं नाही. पण कुलूप कळलं. बाईक सपाटीवर नेहमीसारखी आली होती, वळणावर जोर मागितला तेव्हा तिने नाही म्हटलं. बाईक तिथेच टाकून डबा घेऊन पळावं असं मनात आलं. पण हात सोडला असता तर ती सरळ दरीत. महेशना फोन लावावा तर त्या वळणावर रेंज नाही.

रेंज वर आहे, कातळावर. वळणाच्या थोडं वर एक काळा सपाट कातळ आहे. दोन्ही वाड्यांत मिळून मुंबईशी बोलता येतं ते नीट तिथेच. वरच्या वाडीत बहुतेक घरांतले पुरुष मुंबईला. रेडा विकायचा का, पोरीला बघायला पाहुणे बोलवायचे का, कौलं बदलायची का, जे काही विचारायचं ते बाया सकाळी कामाला जाताना कातळावर येऊन विचारतात. आडोसा नाही. एकीचं बोलणं सगळ्यांना ऐकू येतं. म्हणून मी तिथे सहसा शेवटी उभी राहते.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने ओरडले. "कोन हाय का गो वर?"

वरून पारूकाकीचं डोकं दिसलं. पारूकाकी म्हणजे वरच्या वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई. "काय गो, काय झाला?"

"बाईक चढत नाय! मागं जातेय!"

"मंग सोड ना तिला!"

"भाऊजींची हाय!"

हसत हसत चार-पाच जणी कोयते खाली ठेवून उतरल्या. दोघींनी मागून रेटलं, एकीने हँडल धरलं, पारूकाकी पुढे चालत नुसतीच "हां, हां, आता" करत होती. रेटता रेटता एक म्हणाली, "एवढी महाग गाडी, आनि बैलासारखी ढकलायची?" पारूकाकी म्हणाली, "बैलाला तरी लाज वाटते."

कातळावर बाईक सपाट उभी राहिली आणि मी महेशना फोन लावला. ते कामावर होते.

"भाऊजी, डोंगरावर कुलूप आलंय."

"आलं का? माझ्यापण फोनवर आलाय मेसेज. फुकटचे दिवस संपले म्हणे. आता दर महिन्याला भरा, तर हिल मोड." त्यांचा आवाज चढला. "वहिनी, गाडी घेतली मी, हप्ते भरतो मी, आनि चढ त्यांचा? मोटर तीच, बॅटरी तीच. वरून काही नवीन देणार नाय. आहे तेच कुलपात घातलंय. आमचा मालकांचा ग्रुप हाय, सगळे भडकलेत. एकाने सॉफ्टवेअर फोडायला दिलं तर त्याची गाडी बंदच पडली. आम्ही ठरवलंय, कोनी भरायचं नाय."

मी म्हणाले, "बरं." त्यांचं बरोबरच होतं.

मग पाठीवरच्या डब्याचा पट्टा खांद्यात रुतला आणि मी परत बोलले. "भाऊजी, आज सत्र हाय. सिस्टर पोरं घेऊन बसल्यात. मी आता चालत गेले तर बाया रानात जातील. मग साहेब सत्र खाली नेतील."

तिकडे मागे कुठेतरी मशीनचा आवाज.

"आज भरलं तर उद्या ब्रेकचेपन पैसे मागतील," ते म्हणाले, पण हळू.

पारूकाकीने माझ्या हातातून फोन घेतला. "महेश, मी पारूकाकी. तुझा बारसा मी जेवलेय. तुमचा भांडन कंपनीशी हाय ना? मंग ते बायापोरांवर कशाला काढतोस? आधी टोचून घेऊ दे पोरांना, मंग भांड हवं तेवढं. आमीपन येतो भांडायला."

बायका हसल्या. महेशही हसले असावेत. "द्या वहिनींकडे," म्हणाले. मग मला, "भरतो. एकाच महिन्याचे. तुमचा फोन चालू ठेवा, बाईकच्या जवळ. निरोप फोनमधनं बाईकला मिळेल."

फोन मी हँडलवरच्या कप्प्यात बसवला. स्क्रीनवर एक गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. रेंजची एकच काडी, तीपण येऊन जाऊन.

"हितं नाय," एक जण म्हणाली. "कड्याकडच्या टोकाला आन. आमच्या ह्यांचा आवाज तिथंच नीट येतो."

म्हणून आम्ही बाईक ढकलत कातळाच्या टोकाला नेली, जिथे रोज बाया उभ्या राहतात, अगदी त्याच जागी. फोन लावायला थांबलेल्या दोघींनी बाजूला होऊन जागा दिली. सगळ्या गोलाकडे बघत होत्या. पारूकाकीने पदर डोक्यावर घेतला, देवळात घेते तसा.

"काय करतेय ती आता?" तिने हळूच विचारलं.

"विचारतेय," मी म्हणाले.

"कोनाला?"

"मालकाला."

"मालक तर महेश."

"त्यांच्यावरचा हाय कोनी."

गोल थांबला. कुलूप उघडलं. स्क्रीनवर कुलपाची ती लहानशी कडी बाजूला सरकलेली मी डोळ्यांनी पाहिली आणि मग डोंगराचं चित्र हिरवं झालं. कातळाच्या टोकाला थोडा उतार आहे. मी ब्रेकवरून बोटं काढली. बाईक सरकली नाही. माझ्या तळहातांखाली ती पाय रोवून उभी राहिली.

मला काटा आला. कुणी स्क्रू फिरवला नव्हता. तेल घातलं नव्हतं. ज्याने हे केलं त्याने हा डोंगर पाहिलेला नव्हता, आम्हाला तर नाहीच. कुठेतरी एका खोलीत काहीतरी हो म्हणालं, आणि सावित्री नदीच्या खोऱ्यातल्या एका कातळावर चाकाने दगड धरला. भीतीही वाटली. जे एवढं सहज आलं ते तसंच जाईल हे कळत होतं. पण त्या क्षणी भीतीपेक्षा नवलच जास्त होतं. माझ्या बाजूच्या बाया श्वास धरून उभ्या होत्या, मीही.

"आयला," पारूकाकी म्हणाली. एवढंच.

मी बसले आणि निघाले. पुढचा चढ आधीच्या वळणाहून उभा आहे. बाईक गप्पपणे वर गेली. मागे वळून पाहिलं तर बाया कोयते हातात घेऊन कातळावर तशाच उभ्या होत्या. त्यांतल्या दोघी तान्ह्या पोरांच्या आया होत्या हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी हात केला. त्या भानावर आल्या आणि कोयते टाकून मागून पळत आल्या.

सिस्टर शाळेच्या ओट्यावर बसल्या होत्या. डबा उघडून त्यांनी आधी एक बाटली उन्हाच्या बाजूला धरली. त्या दरवेळी बघतात, आणि दरवेळी मीही बघते. बाटलीवर एक गोल छापलेला असतो, गोलात चौकोन. लसीला उष्णता लागत गेली की चौकोन काळवंडत जातो. तो गोलाएवढा गडद झाला की बाटली फेकायची. कुठे तापली, कोण चुकलं, हे विचारावं लागत नाही. बाटली स्वतःच सांगते.

चौकोन पांढरट होता.

"छान," सिस्टर म्हणाल्या आणि पहिल्या पोराला मांडीवर घेतलं. ते किंचाळलं. मग दुसरं. त्या दिवशी एकही आई रानात गेलेली नव्हती.

संध्याकाळी गाडीबरोबर डॉक्टरसाहेब स्वतः खाली आले होते. "वेळेत पोचलात?" त्यांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, आज बाईकला आधी मुंबईला फोन करावा लागला." मग त्यांनी सगळं सांगितलं. साहेब हसले, आणि मग हसायचे थांबले. म्हणाले, "म्हणजे पुढच्या महिन्यात परत कुलूप पडू शकतं?"

सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. मला बोलावंच लागलं. "पडलं तर कातळापासनं बाया डबा घेतील. एकीकडनं दुसरीकडं. मी विचारलंय त्यांना." खरं तर पारूकाकीने मला न विचारता ठरवलं होतं, पण तेवढं मी गाळलं.

साहेबांनी डब्यावर हात ठेवला. "राहू दे सत्र वरच," म्हणाले.

शिमग्याला महेश गावी आले. कुलूप परत पडलं होतं, आणि त्यांच्या ग्रुपचं भांडण अजून चालू होतं. पालखी घरोघरी फिरून झाल्यावर सत्राचा दिवस आला, तेव्हा ते माझ्याबरोबर चालत वर आले. डबा आळीपाळीने घेतला. वाटभर कंपनीला बोलत होते. उभ्या वळणावर दम लागला तेव्हाच थांबले.

वर पोचल्यावर सिस्टरांनी बाटली उन्हाकडे धरली. मी महेशना खुणेने बोलावलं आणि तो गोल, तो चौकोन दाखवला. काय असतं ते सांगितलं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. बाटली फिरवून मागून पाहिली, परत पुढून पाहिली.

"आनि हे बघायला कोनाला काही भरावं लागत नाय?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"फोन लागत नाय? रेंज?"

"काहीच नाय. कोनीपन बघायचं."

त्यांनी बाटली जपून सिस्टरांच्या हातात परत दिली.

"कंपनीवाल्यांना अजून सुचलं नसेल," म्हणाले.