पट वाढवणारे अध्यक्ष

स्वतःला मूल व्हावं म्हणून नवस बोलणारे पुष्कळ असतात; दुसऱ्यांना मुलं व्हावीत म्हणून झुरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. कान्हे स्टेशनापासून आत असलेल्या वाडीवर त्यांचं किराणा दुकान. अख्खी वाडी त्यांना चाचा म्हणायची, आम्ही शिक्षक अध्यक्ष म्हणायचो. धाकटी मुलगी तिसरीत होती म्हणून ते अध्यक्ष, कारण नियमाप्रमाणे हा मान पालकालाच मिळतो. मी तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या दोन शिक्षकांपैकी एक.

सरकारच्या लेखी शाळा म्हणजे पट. आमच्या पटावर वीस मुलं असली तर दोन शिक्षक. एक जरी कमी झालं तर एका शिक्षकाची उचलबांगडी, आणि पुढे केव्हातरी शाळाच हायवेपलीकडच्या शाळेत विलीन. हे कळल्या दिवसापासून अध्यक्षांची नजरच बदलली. लग्नात नवरा-नवरीच्या हातात आहेर ठेवून ते म्हणत, "घाई करा. सा वर्सांनी पयलीत दाखला पायजे." बारशाला गेले की बाळाचं नाव ठरायच्या आत बाळ यांच्या वहीत चढलेलं असे. मराठवाड्यातून आलेल्या एखाद्या कामगाराचा टेंपो भाड्याच्या खोलीपुढे थांबला, की सामान उतरायच्या आधी हे हजर. "पानी हितं सकाळी येतंय. पोरं किती हायेत?"

शाळेचं अनुदानही पटावरच येई आणि वीजबिलात व खडूंत संपे. पत्रे गळत होते. अर्जामागून अर्ज केल्यावर पाहणीला एक साहेब आले, ते ऐन मे महिन्यात. "गळती आढळून आली नाही," असा शेरा मारून गेले. मी चिडलो. अध्यक्ष मात्र साहेबांचीच बाजू घेऊन म्हणाले, "त्यांचं बराबर हाय गुरुजी. आपलाच पत्रा उनाळ्यात गळत न्हाई." आणि जूनमध्ये दुकानाची ताडपत्री काढून त्यांनी वर्गावर घातली. दुकानातली साखर त्या वर्षी भिजली.

गेल्या सप्टेंबरात पट मोजायची वेळ आली तेव्हा मुलं एकोणीस होती. इंग्लिश शाळेची व्हॅन वाडीत आली की अध्यक्ष दुकान उघडं टाकून मुलं सोडायला आलेल्या आयांना विनवत उभे राहत. सरपंचांच्या नातवासाठी पाच खेपा घातल्या. इंदुरीच्या मेहुण्याला तर बिऱ्हाड इकडे हलव म्हणून गळ घातली. मेहुण्याने तेव्हापासून फोन उचलणं सोडलं. विसावं मूल काही मिळालं नाही, आणि माझ्या बदलीचा आदेश आला.

आता सांगायला हवं. माझी मुलगी दुसरीत आहे, तळेगावच्या इंग्लिश शाळेत. आम्ही राहतोही तिथेच; तळेगावहून कान्हे दोन स्टेशनं, रोज माझ्याबरोबर सहज आली असती. अध्यक्षांना हे चांगलं माहीत होतं. तिच्या वाढदिवसाला ते न चुकता गोळ्या पाठवत. वाडीतला एक उंबरा त्यांनी सोडला नाही, पण मला कधी चकार शब्दाने विचारलं नाही. निरोपाची शाल माझ्या खांद्यावर घालून ते दाराशी आले, तेव्हा मीच विचारलं, "अध्यक्ष, मला का नाही म्हणालात?"

शाल नीट करत ते म्हणाले,

"तुमीच न्हाई म्हनला असता गुरुजी, तर बाकीच्यांना मी कंच्या तोंडानं इचारलं असतं?"

मला फार लाज वाटली. मी नाहीच म्हणालो असतो, आणि हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.