पहिला पेला मामाजींचा

गेल्या पौषात माझे सासरे, आमचे मामाजी, गेले. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. आमच्या झाडीपट्टीतल्या दंडारीत, त्या रात्रभरच्या लोकनाट्यात, राजा होऊन अर्धी रात्र मरत राहणारा हा नट… इतकी मुकाट एक्झिट त्यांना स्वतःलाच पटली नसती.

मी नागपूरची, नळाच्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन गोंडपिपरीजवळच्या या गावात आले तेव्हा विहीर भरलेली होती. शिमग्याच्या सुमारास ती आटली आणि घागरी तलावावर जाऊ लागल्या. त्या तलावात म्हशी डुंबत. मी ट्रंक भरली आणि जाहीर केले, हे पाणी मी पिणार नाही, माहेरी चालले. सासूबाईंनी ऐकवले की याच पाण्यावर त्यांच्या सात पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. मामाजी मात्र येऊन माझ्या ट्रंकेवरच बसले. "बाई, थोडे दिस थांब. मंग मीच तुले टेसनावर सोडतो."

जंगलखात्याच्या बंगल्यावर त्यांनी फिल्टर पाहिला होता. तलावाच्या पाळीशी त्यांनी विटांचे टाके बांधले. तळाला गोटे, वर कोळसा, त्यावर वैनगंगेची वाळू. पहिले पाणी काळेकुट्ट आले. सासूबाईंना इतके आनंदी मी पुन्हा पाहिले नाही. मामाजींनी ते पाणी केळीला घातले. "धुतलेली वाळू नव्या सुनेवानी असते," म्हणाले. "तिले बसू द्या."

पाणी नितळले, तेव्हा त्यांनी विषाचा असावा तसा पेला उंचावला, रिकामा केला आणि ओट्यावर बसले. दिवेलागणीपर्यंत जिवंत राहिले तर सुनेने प्यावे, असे ठरले. दोनदा मरून दाखवल्यावर सासूबाईंनी त्यांना पाय धुऊन जेवायला बोलावले. मी पाणी प्यायले आणि ट्रंक रिकामी केली.

मग ते दरवर्षीचेच झाले. दिवाळीनंतर विहीर तुडुंब असे, तेव्हा टाके रिकामे करायचे, वाळू धुऊन उन्हात पसरायची, पोत्यांत भरायची, टाक्याच्या तळाशी पाणी बाहेर यायच्या भोकात चिंधी कोंबायची, नाहीतर बेडूक बिऱ्हाड थाटतो. शिमग्याला नवा कोळसा, पुन्हा थर आणि पुन्हा मामाजींचे मरण. एकदा घसा धरून असे कोसळले की शेजारीण गळा काढतच धावली. सासूबाईंनी मात्र त्या पाण्याला कधी ओठ लावला नाही. त्यांची घागर वेगळी, थेट तलावाची.

या हिवाळ्यात वाळूही त्यांनीच वाळवून ठेवली होती. शिमग्याला आम्ही ती टाक्यात कोळशावर पसरली, काही दिवस केळीला पाणी दिले, आणि ते नितळल्यावर मी पेला भरला. भरला खरा, पण द्यायचा कुणाला? सगळे ओट्याकडे पाहत उभे राहिले…

सासूबाई आतून आल्या. माझ्या हातातून पेला घेतला, घटाघटा प्यायल्या, तोंड वाकडे केले. "काई चव नाई याले," म्हणाल्या, आणि पदर सावरून ओट्यावर टेकल्या.

ऊन होते. मी म्हटले, आत चला.

"तू सैपाक कर," त्या म्हणाल्या. "मी बसतो इथी, दिवे लागेपर्यंत."