तिसरं रूप

दत्ताराम गेल्याचं मला धाटावला कंपनीच्या गेटवर कळलं. सकाळची शिफ्ट आत चालली होती. वॉचमन म्हणाला, "तुमचा दोस्त दत्ताराम काल गेला. जेवता जेवता छातीत कळ आली." मी सही केली, टाइपरायटरसमोर जाऊन बसलो आणि तासाभराने कुणाला न सांगता त्याच्या गावी, जित्याला निघालो.

पेणच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याचे वडील मिठागरावर कामाला. मोसमात हाताखाली माणूस हवा, म्हणून दत्ताराम महिना-महिना शाळेत नसायचा. इंग्रजी क्रियापदांची तिन्ही रूपं आम्ही घोकली ती नेमकी त्याच दिवसांत. पुढे तो याच कंपनीत ऑपरेटर झाला, मी तिथल्याच ऑफिसात टायपिस्ट. लॉगबुक इंग्रजीत लिहायचं, तिथे त्याचं अडायचं. "वसंता, दुसरं कुठं नि तिसरं कुठं, एकदा नीट सांग ना रे," तो कामावर जाताना बसमध्ये म्हणायचा. रविवारी बसू, असं मी म्हणायचो. तो रविवार कधी आलाच नाही...

सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा त्याने अर्ज लिहून माझ्या हातात दिला. "जरा बघ. तिसरं रूप माझं हमखास चुकतं." त्यात लिहिलं होतं, 'आय हॅव नेव्हर टुक लीव्ह विदाउट रीझन.' टेकन हवं होतं. मला ते दिसलं, हे आज लिहायलाच हवं. पण बस हलत होती, मला पेपर वाचायचा होता. मी म्हटलं, "चाललंय की."

दोन दिवसांनी कॅन्टीनमध्ये साहेबांनी ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं. लोक हसले. मीही हसलो. "कुणाला दाखवला होतास का?" साहेबांनी विचारलं. दत्ताराम माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाय साहेब. मीच लिवला."

परतताना नागोठणं मागे पडलं. मग तो एवढंच म्हणाला, "टेकन व्हय ना?"

"हो."

जागा दुसऱ्याला मिळाली. त्यानंतर त्याने मला कधीच काही विचारलं नाही. डब्यातली सुकी मासळी मात्र तशीच माझ्या पुढ्यात सरकवत राहिला.

त्याच्या दिवसांना गेलो, तेव्हा त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी मला आत बोलावलं. स्वयंपाकघराच्या दाराला आतून काळा रंग दिला होता आणि त्यावर खडूने, त्याच्या ठसठशीत अक्षरात, क्रियापदं... ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. राइट, रोट, रिटन. वरपासून खालपर्यंत. "कामावरून आलं की इथंच बसायचे," वहिनी म्हणाल्या. "पोरीकडून म्हणून घ्यायचे, मग सोता म्हणायचे."

त्याची नववीतली मुलगी वैशाली दाराशी उभी होती. "काका, बाबा सांगायचे, ही सगळी तुम्ही शिकवलीत त्यांना."

मी मान हलवली... हो म्हणालो.

तिने शाळेची वही माझ्यापुढे धरली. "माझं पण बघाल?" मी खाली बसलो आणि प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. कुठेही चूक नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हणालो. त्या घरात तेवढं एकच मी खरं बोललो.