श्रावणी सोमवारचा लसणाचा वास

ह्या वहीच्या पहिल्या पानावर ह्यांच्या अक्षरात एकच ओळ आहे. ‘महाडच्या त्या केसचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.’ पुढे पान कोरं. फौजदार म्हणून निवृत्त झाल्यावर नोकरीतल्या आठवणी लिहायच्या असं ह्यांनी ठरवलं होतं. वही आणली, एक ओळ लिहिली आणि हात थरथरायला लागला तो थांबलाच नाही. आता हे नाहीत, म्हणून पुढचं मी लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्वदीर्घ चुकेल, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्याबद्दल माफी असावी. पण ही केस मला ह्यांच्याइतकीच ठाऊक आहे. ती आमच्या भिंतीपलीकडे घडली, आणि खरं काय ते ठाऊक असून मी दोन दिवस गप्प बसले होते.

तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं आणि हे महाडला जमादार होते. पोलीस लाइनीत खोल्या कमी, म्हणून आम्ही भाड्याने राहायचो. पुढे मालकाचं दुकान आणि घर, मागे दोन खोल्या. एकीत आम्ही दोघं आणि आमचं तान्हं बाळ, दुसरीत पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतली बाई. नवरा मुंबईला गिरणीत. मुलीला चांगल्या शाळेत घालायची म्हणून ती एकटी खाली येऊन राहिली होती आणि दिवसभर लोकांकडे पोहे कांडायला जायची. दोन्ही खोल्यांवर मिळून फळ्यांचा एकच सलग माळा होता. फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी.

मालकाचा धंदा दिव्यांचा. वरातीला, देवाच्या पालखीच्या छबिन्याला, नाटकाला तो कार्बाइडचे दिवे भाड्याने द्यायचा. कार्बाइडचे राखाडी खडे पत्र्याच्या डब्यातून येत. त्यावर पाणी पडलं की गॅस निघतो आणि तोच दिव्यात जळतो. हे मी नंतर शिकले. तेव्हा मला काय, ह्यांनाही ते डबे म्हणजे मालकाचं सामान, एवढंच ठाऊक.

महाडात सावित्रीचं पाणी चढायला लागलं की कुणाची वस्तू कुणाच्या माळ्यावर गेली हे कोणी विचारत नाही. जे हाताला लागेल ते वर टाकायचं, जीव वाचला की मग निवडानिवड. त्या वर्षीही आषाढात पाणी दुकानात शिरलं. मालकाच्या गड्यांनी सगळं सामान आमच्या माळ्यावर चढवलं. पाणी ओसरल्यावर दिवे खाली गेले, दोन डबे मात्र वरच राहिले. एक तिच्या खोलीवर, एक आमच्या. मालक म्हणाले, “खाली अजून ओल आहे. वर कोरडे राहतील.”

शेजारीण म्हणाली, “शेट, वर कवलं फुटल्यात. माज्या खोलीत धार लागते.”

“अगं, गणपतीच्या आधी चाळून देतो कौलं, फुटकी बदलतो. तोवर भांडं ठेव खाली.”

तिने भांडं ठेवलं. पण ती धार आधी कशावर पडून मग खाली येते, हे बघायला कोणी वर चढलं नाही.

मग तो श्रावणी सोमवार. सकाळी मी विहिरीवर पाणी ओढत होते. मालकीणकाकू मागच्या दारात आल्या, नाकाला पदर लावून.

“काय गं, श्रावणातला सोमवार आहे आणि लसणाची चटणी वाटतेस? वरच्या वाडीत देवधर्म पोचला नाही वाटतं?”

शेजारीण कळशी तशीच धरून उभी राहिली. “काकू, शपथ! माज्या घरात लसनाची पाकळी पन नाय. माजा उपास हाय.”

“मग माझ्या नाकाला का स्वप्न पडलं?”

वास मलाही आला होता, लसूण चेचल्यासारखा, तिच्याच खोलीकडून. मला वाटलं, खाल्ली असेल बिचारीने, कबूल करायला लाजते. मी खाली मान घालून रहाट ओढत राहिले. काकू गेल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं. मी पुढची घागर विहिरीत सोडली. ती आत गेली, वास पुन्हा मालकिणीकडे जाऊ नये म्हणून तिने खिडकी घट्ट लावली, दाराखालच्या फटीत गोणपाट दिलं, बाहेरून कडी घातली आणि पोहे कांडायला गेली. उपासामुळे दिवसभर तिच्या घरात काडी पेटली नाही.

दिवेलागणीला ती परत आली. तिची मुलगी आमच्या पडवीत पाढे म्हणत बसली होती. “देवाजवळ दिवा लावते आन उपास सोडते. तवर हितंच बस गो,” असं मुलीला सांगून ती आत गेली.

कडी निघाल्याचा आवाज मी ऐकला. मग आमच्या फळीवरची सगळी भांडी एकदम खाली आली. भिंत हलली. पलीकडची कौलं उडून विहिरीत पडली. धुरळ्यातून ती दोन्ही हात पुढे धरून बाहेर आली, दुसऱ्या कोणाचे हात असावेत तसे. ओरडली नाही. फक्त म्हणाली, “पोर कुठं हाय?”

चौकीवर खबर द्यायला मालक स्वतः धावत गेले. “भाडेकरणीने स्टोव्ह भडकवला! माझं घर जाळलं हो!” डायरीत तशीच नोंद झाली. तशा केसेस तेव्हा फार होत, कोणाला नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा झाला. हे मला पुढे नेहमी सांगत की पंचनाम्याला गेल्यावर लोक काय सांगतात ते आधी ऐकू नये, वस्तू काय सांगते ते आधी बघावं. स्टोव्ह कौलांच्या ढिगाखाली सापडला. टाकी वरून चेपलेली, पण फुटलेली नाही. आत घासलेट भरलेलं आणि बर्नरच्या भोकात कचरा काढायची पिन खोचलेली तशीच. म्हणजे तो पेटवलाच नव्हता. मोडक्या फळ्यांवर पांढरा लगदा पसरला होता.

“हे काय?” ह्यांनी विचारलं.

“चुना हो, जमादार. गणपतीला घराला रंग नको का काढायला?”

ह्यांनी लगदा कागदात बांधला. फळीच्या खाचेत दोन राखाडी खडे अडकले होते, तेही पुडीत घेतले. डबा मात्र तिथे नव्हता. मदतीला म्हणून वर चढलेल्या मालकाच्या गड्याने तो रात्रीच हलवला होता.

दवाखान्यात हे तिचा जबाब घ्यायला गेले. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. “माजीच चूक हाय, साहेब. काडी मीच वढली.” ह्यापुढे एक शब्द नाही. तिला खरंच तसं वाटत होतं. मुंबईहून तिचा नवरा आला. मालकांनी त्याला बाजूला घेतलं. “छपराचे दोनशे ऐंशी दे, नाहीतर बायको कोर्टात उभी राहील. पोलिसांत नाव गेलंय तिचं.” त्या माणसाने गिरणीतल्या सोबत्यांकडून उसने आणलेले पैसे मोजून दिले.

हे घरी येऊन जेवताना म्हणाले, “स्टोव्ह नाही. दुसरं काहीतरी आहे. पण ती बाई बोलत नाही आणि शेट गोड बोलतो.”

मी भाकरी वाढली. वास मनात होता. पण काय सांगणार? श्रावणात शेजारणीच्या घरी लसूण होता, असं? तिची उरलीसुरली अब्रू मी घालवू? आणि मालक उद्या खोली खाली करा म्हणाले तर भर पावसात तान्हं पोर घेऊन जायचं कुठे? लोकांच्या चोऱ्यामाऱ्या शोधणाऱ्या माणसाच्या घरात मी एक चोरी लपवून बसले आहे, असं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस. हे चौकीवर गेलेले. मी पडवीत चूल पेटवून आत आले, बाळाला पाळण्यात घातलं. आणि तो वास आला.

माझ्या घरात. मी लसूण आणला नव्हता.

मी वर पाहिलं. स्फोटाने आमच्यावरचीही कौलं सरकली होती. पाळण्याच्या बरोबर वर फळीच्या फटीतून पांढरं पाणी ठिबकत होतं, आणि वर काहीतरी बारीक फसफसत होतं, दूध उतू जाण्याआधी होतं तसं. मागे पडवीत चूल होती. आधी चूल विझवायची की आधी पोर उचलायचं, एवढंही मला ठरवता येईना. मग पोर उचललं, घागरभर पाणी चुलीवर ओतलं, खिडकी उघडली आणि धावत सुटले.

तोवर मी चौकीची पायरी कधी चढले नव्हते. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, “वहिनी, काय झालं?” हे बाहेर आले.

“लसूण,” मी म्हणाले.

“काय?”

“लसणाचा वास. त्या दिवशी सकाळीच तिच्या घरी होता, काडी ओढायच्या कितीतरी आधी. काकू तिला टाकून बोलल्या, म्हणून तिने खिडकी बंद केली. आज आपल्या घरी आहे. वर डबा आहे. ठिबकतोय.”

हे टोपी न घालता धावले.

डबा खाली उतरवला तेव्हा त्याचं झाकण अर्धवट उघडं होतं, वर नुसतं गोणपाट. पंचांसमक्ष सील झाला. पुढचं मी पाहिलेलं नाही, ह्यांनी सांगितलेलं लिहिते. चौकीवर ह्यांच्या वरचे जे फौजदार होते, त्यांनी मालकांना बोलावलं, खुर्ची दिली, समोर पाण्याचा पेला ठेवला.

“शेट, हा पुडीतला खडा तुमच्या चुन्याचा ना?”

“हो साहेब, चुन्याचाच.”

फौजदारांनी खडा पेल्यात टाकला. पाणी उकळल्यासारखं फसफसलं आणि खोलीभर लसणाचा वास सुटला. फौजदारांनी खिशातून काड्यापेटी काढली, एक काडी हातात घेतली.

“नको!” मालक खुर्चीवरून उठले. “साहेब, काडी नको!”

“का? चुनाच आहे ना?”

मालक परत बसले. पेला लांब सारत म्हणाले, “पुराच्या दिवसांत सगळेच वर टाकतात, साहेब.”

“सगळे भांडी टाकतात, शेट. आणि पाणी ओसरलं की आपलं आपलं उतरवतात. तुम्ही माणसांच्या डोक्यावर हे ठेवलंत, भाडंही घेतलंत आणि कौलंही चाळली नाहीत.”

माझा जबाब घ्यायला फौजदार स्वतः घरी आले, कारण स्वतःच्या बायकोचा जबाब ह्यांना घेता येत नव्हता. ते पडवीत बसले, मी दाराआडून बोलले. मी अडखळले की ते म्हणायचे, “सावकाश, ताई. लिहायला मलाही वेळ लागतो.”

ते गेल्यावर काकू आल्या. “आमचं घर, आमच्या विहिरीचं पाणी, आणि आमच्यावरच जबाब देतेस?”

मी खोली गेली असं धरूनच चालले होते. तरी म्हणाले, “काकू, वास तुम्हालाही आला होता.”

त्या उंबऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, “मी बोलले नसते तर तिने खिडकी लावली नसती, नाही का गं?” दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकीवर जाऊन लसणावरून शेजारणीला बोलल्याचं सांगितलं. नवरा समोर बसलेला असताना सांगितलं. ह्यांना त्या जबाबाचं शेवटपर्यंत नवल वाटायचं.

निष्काळजीपणाबद्दल गुन्हा मालकांवर दाखल झाला, शेजारणीचं नाव कागदावरून निघालं. मालकांना दंड झाला. ह्यांना त्या केसनंतर एक सवय लागली. कोणत्याही घरी तपासाला गेले की आधी माळ्यावर नजर टाकायचे. म्हणायचे, “खोली देणाऱ्याला वाटतं आपण चार भिंती दिल्या. वर काय ठेवलंय तेही त्यानेच दिलेलं असतं.”

मी काय शिकले ते माझ्यापुरतं आहे. आता मुलाच्या घरात गॅसचं सिलेंडर आहे आणि खालची खोली आम्ही भाड्याने दिली आहे. शेगडी आमची, नळी आमची. महिन्यातून एकदा मी गुडघे धरत जिना उतरते, नळीला साबणाचा फेस लावून बघते, बुडबुडा येतो का. भाडेकरूची सून हसते. “आजी, वास आला तर आम्ही सांगू की!” मी तिला म्हणते, “तुला सांगायला लाज वाटली तर?” आणि आधी खिडकी उघडते.

मालकांनी छपराचे पैसे लगेच परत केले नाहीत. आज देतो, उद्या देतो चाललं होतं. दिवाळीनंतर एके सकाळी काकू स्वतः मागच्या दाराने आल्या, हातात रुमालाची पुरचुंडी. शेजारीण पोलादपूरला परत जायला निघाली होती, मुलगी बोचकं घेऊन उभी. काकूंनी पुरचुंडी पुढे केली. शेजारणीने हात पुढे केले, पण बोटं मिटेनात, कातडी आखडून गेली होती. नोटा तिच्या तळव्यावरून घसरायला लागल्या.

“तू मोज गो,” ती मला म्हणाली.

मी पायरीवर बसून मोजल्या, मोठ्याने, काकूंनाही ऐकू जाईल अशा. दोनशे ऐंशी. मग पुन्हा एकदा मोजून तिच्या कनवटीला बांधून दिल्या. एकही कमी नव्हती.