भागवतचे नऊ लाख

माझ्या भिंतीला भिंत लावून भागवतचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली पाण्याची मोटर उघडायची, काळी पडलेली तार ओढून काढायची, नवी भरायची. अख्ख्या रोहिणखेडात असा हात नाही. तोंडाचं मात्र विचारू नका. विहिरीला वीस हात पाणी असलं तर हा चाळीस सांगणार.

गेल्या वर्षी त्याच्या दीपकसाठी मुली पाहणं चालू होतं. हल्ली मुलीवाले पत्रिका नंतर पाहतात, आधी उत्पन्नाचा दाखला मागतात. भागवतनं काढला की! वार्षिक उत्पन्न नऊ लाख. साक्षीदार म्हणून सही माझीच.

"दहाच लिही ना बे, आकडा गोल दिसते," मी त्याला चिडवलं.

"नाही हो भाऊ, खोटं बोलाले बी काही हद्द असते!"

तहसिलात एकानंही मान वर करून पाहिलं नाही, की बाबा, तुझ्या अंगातला सदरा काय सांगतो आणि तू काय सांगतोस. तीन वर्षं चालणारा दाखला हातात. भागवतनं तो लॅमिनेशन करून दुकानात टांगला. मुलीवाले आले, दाखला वाचला, चहा प्याले आणि पुण्यात नोकरी असलेला पोरगा पसंत केला. दीपक अजून तारच भरतो आहे.

यंदा धाकटी काजल सीईटी देऊन बी.फार्मसीला लागली. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर मुलीची फी माफ. भागवतचं खरं उत्पन्न दीड लाखाच्या वर कधी गेलंच नाही. कॉलेजनं बजावलं, शनिवारी पाचपर्यंत दाखला आणा, नाहीतर पूर्ण फी भरा, तेही नसेल तर जागा सोडा.

सोमवारी आम्ही दोघं मोताळ्याला तहसिलात गेलो. बाबूनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "मागच्या वर्षी नऊ लाख, यंदा दीड? साडेसात लाख गेले कुठं?"

"ते आलेच नव्हते, साहेब."

मग बाबूनं कागद सांगायला सुरुवात केली. सातबारा, रेशनकार्ड, पासबुक, विजेचं बिल... मी बोटांवर मोजले, अकरा भरले. वर आणखी, मागचा दाखला खोटा होता असं तलाठ्यासमोर गावात पंच बसवून लेखी द्यायचं. माझं डोकंच फिरलं. अरे, श्रीमंत व्हायला एक सही पुरते, आणि गरीब व्हायला अकरा कागद? नऊ लाख लिहिताना तुमची ही चौकशी कुठं झोपली होती?

कागद गोळा झाले, पण गुरुवारी भागवत अडून बसला. "गावासमोर लिहून देऊ की मी खोटा हाये? मंग दीपकले कोन पोरगी देईन? नाही जमणार."

काजल दुकानाच्या दारातच उभी होती. "बाबा, दादाच्या लग्नासाठी खोटं लिहून देता आलं. माह्यासाठी खरं लिहून देता येत नाही काय?"

 भागवतनं उठून खुंटीवरचा दाखला काढला.

शुक्रवारी चावडीवर तलाठ्यासमोर त्यानं जबाब वाचला. "माझ्या मुलाचं लग्न जमावं म्हणून मी उत्पन्न वाढवून सांगितलं." मागून कोणीतरी फिसकन हसलं. खाली माझी सही. गेल्या वर्षी याच माणसासाठी सही केली तेव्हा माझं नावसुद्धा कोणी विचारलं नव्हतं. आता आधार आणा, फोटो आणा, अंगठाही उमटवा!

तेवढ्यात महादेवराव उठले. गावातले वजनदार गृहस्थ, ते हसत नव्हते. "तलाठीसाहेब, माहा बी लिहून घ्या. मी बी दाखल्यात बारा लाखाचा हाये. माही बी पोरगी पुढच्या साली बारावीले हाये." त्यांच्या मागं आणखी दोघे उठले. सगळे लग्नाच्या मुलांचे बाप. 

"आधी हा जुना दाखला फाडा," तलाठी म्हणाला. भागवतनं जोर लावला, दातांनी ओढला, पण लॅमिनेशन कुठं फाटतं? शेवटी काजल पळत जाऊन दुकानातली तार कापायची कात्री घेऊन आली. नऊ लाखांचे चार तुकडे झाले. मग कात्री महादेवरावांनी मागून घेतली, त्यांचाही दाखला लॅमिनेशन केलेलाच.

त्याच संध्याकाळी तहसिलातून दीड लाखाचा दाखला मिळाला आणि शनिवारी तीन वाजता काजलनं तो कॉलेजात दिला. कात्री अजून महादेवरावांकडेच आहे.