डाव्या खांद्यावरचं जाळं

माझं अक्षर चांगलं, म्हणून ती वही माझ्याकडे आली. चांगल्या अक्षराचे तोटे शाळेत कुणी सांगत नाही. आमच्या तलावावरच्या मच्छीमार संस्थेत बाबांसकट सगळे जाळ्यात पटाईत, पण हातात पेन दिलं की घाम फुटणारे. मी बारावी शिकलेली, लग्न मोडून माहेरी परतलेली, त्यामुळे सगळ्यांच्या मते रिकामीच होते.

नागपूरहून एक मॅडम आल्या होत्या. तलावात मासा किती उरलाय याचा अंदाज बांधायचा, तर कोण किती वेळ पाण्यावर होता आणि त्याला काय मिळालं हे वर्षभर रोज लिहायला हवं, असं त्यांनी समजावलं. वजनकाटा दिला, माशाची लांबी मोजायची फळी दिली. काहीच मिळालं नाही तर शून्य लिहा, म्हणाल्या. ‘‘ते शून्यच मला सगळ्यात जास्त हवंय, ताई.’’ मी मान डोलावली. मान डोलावण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

त्या वहीची गरज मॅडमपेक्षा आम्हाला जास्त होती. तलाव भरलेला दिसायचा, पण मासा संपत चालला होता. रोहू-कतला सोडाच, मरळसुद्धा दिसेना. या पावसाळ्यात तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढे लहान मासे, सोडावेत असा अर्ज संस्थेनं मत्स्यव्यवसाय खात्याकडे केला होता. निर्णय वहीतल्या आकड्यांवर होणार होता. बोटुकली आली नाही तर बाबांना डोंगा, त्यांची ती छोटी होडी, विकून पिपरी मेघेतल्या एखाद्या इमारतीच्या दारात चौकीदार म्हणून बसावं लागणार होतं. त्यांच्या बरोबरीचे दोघं तसे आधीच गेले होते. साठी ओलांडलेल्या माणसाला पाण्यापासून तोडून खुर्चीत बसवायचं, हे मला बघवलं नसतं.

आमच्याकडे एक रीत आहे. जाळं रिकामं आलं असं कुणी बोलत नाही. मासा मिळालेला माणूस जाळं उजव्या खांद्यावर टाकून काठावर येतो. न मिळालेला ते डाव्या खांद्यावर घेतो आणि बाकीचे दुसरीकडे बघतात. कुणी विचारत नाही, कुणी हळहळत नाही. बाबा डाव्या खांद्यावर जाळं घेऊन अंगणात आले की आई काही न बोलता वरण शिजायला टाकायची.

मी रोज सकाळी काठावर वही घेऊन बसायचे. उजव्या खांद्याची माणसं माझ्याकडे यायची, मी मासा तोलायचे, मापायचे, लिहायचे. डावा खांदा दिसला की मी वहीत डोकं घालायचे. एकदा मी बाबांच्या नावापुढे शून्य काढायला घेतलं, तर त्यांनी वहीवर हात ठेवला. ‘‘पाण्यानं नाई देलं, तर त्याची बदनामी कागदावर काऊन कराची?’’ म्हणाले. मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मला त्यांचं ते बोलणं भारीसुद्धा वाटलं. मी रकाना कोरा सोडला. पुढे सगळ्यांचेच सोडले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

वर्षानं तळेगावला बैठक झाली. मॅडमही आल्या होत्या. खात्याच्या साहेबांनी त्यांचा अहवाल वाचला. तलावातला साठा समाधानकारक आहे, प्रत्येक फेरीला बरा मासा मिळतो, सबब बोटुकली दुसऱ्या तलावांना. आमची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. माझ्या मात्र लक्षात आलं. कोरा रकाना म्हणजे तो माणूस त्या दिवशी पाण्यावर गेलाच नाही, असं त्यांनी धरलं होतं. आमचे सगळे उपाशी दिवस मी स्वतःच्या हातानं गाळले होते आणि तलाव भरून दाखवला होता.

मी उठून ते सांगितलं. मॅडमनी वही चाळली. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. साहेबांनी विचारलं, की ताई म्हणतात ते खरं आहे का, कुणाकुणाचं जाळं रिकामं आलं होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. अरे, बोला ना, इथे कोण तुमची सोयरीक जुळवायला आलंय? पण जे बापजाद्यांनी कधी तोंडातून काढलं नाही, ते पंख्याखालच्या खुर्च्यांवर बसून कसं निघणार?

मग बाबा उठले. ‘‘साहेब, माह्यं जाळं खाली आलं. एकदा नाई, लय वेळा. पोरगी लिहून राह्यली होती, मीच लिहू नाई देलं.’’

साहेब वाईट नव्हते. एका माणसाच्या शब्दावर वर्षभराची वही बदलता येत नाही, यंदा नीट लिहा, पुढच्या वर्षी बघू, एवढंच ते म्हणाले. पुढचं वर्ष आमच्याकडे कुठे होतं?

बोटुकली आली नाही. डोंग्याला गिऱ्हाईक येऊन बघून गेलं, पोळा झाला की नेणार आहे. बाबांच्या चौकीदारीचंही ठरलं आहे. तरी ते रोज पाण्यावर जातात आणि मी रोज वही घेऊन बसते. कशासाठी, ते मला विचारू नका.

काल सकाळी बाबा पाण्यावरून आले, ते उजव्या खांद्यावर जाळं घेऊन. मी वजनकाटा उचलून धावतच गेले. जाळ्यात काही नव्हतं, टोपलीतही नव्हतं.

‘‘लिह्य, शून्य,’’ बाबा म्हणाले. ‘‘डाव्या खांद्यावर असलं का तू पाह्यत नाईस. म्हणून इकडं घेतलं.’’

मी तारीख घातली, त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे शून्य काढलं. अक्षर चांगलं आलं.